बीटलच्या हीटरची अडलेली तरफ

फोक्सवॅगन कंपनीच्या बीटल या मोटारीचा इतिहास बहुधा आकड्यांतून सांगितला जातो. फर्डिनंड पोर्श यांचा आराखडा, दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्करातील मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात पुन्हा सुरू झालेले उत्पादन, १९७२ मध्ये फोर्डच्या मॉडेल टीचा मोडलेला उत्पादनाचा विक्रम आणि ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथे तयार झालेली २,१५,२९,४६४ वी, म्हणजे शेवटची गाडी, एवढ्या टप्प्यांत तो आटोपतो. मराठी वाचकाला फोक्सवॅगन हे नाव चाकणच्या कारखान्यामुळे ठाऊक आहे. पण मुंबई-पुण्याच्या हवेत हीटरची गरज क्वचितच पडत असल्यामुळे या मोटारीतील सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत हट्टी यंत्रणा इकडे सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

बीटलचे इंजिन मागच्या बाजूला असते आणि ते पाण्याने नव्हे, तर हवेने थंड होते. त्यामुळे इतर मोटारींप्रमाणे गरम पाणी आतल्या छोट्या रेडिएटरमधून फिरवून ऊब मिळवण्याचा मार्गच तिच्या रचनाकारांपुढे नव्हता. त्यांनी धुराच्या नळीतून वाया जाणारी उष्णता वापरायची ठरवली. इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक हीट एक्सचेंजर बसवलेला असतो, म्हणजे आत धुराची नळी, तिच्याभोवती ॲल्युमिनियमची पाती आणि त्या सगळ्यावर पत्र्याचे कवच. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याची थोडी हवा या कवचातून जाताना तापते आणि मोटारीच्या पुढच्या भागाकडे ढकलली जाते. सुरुवातीच्या गाड्यांत ही हवा आधी सिलिंडरांवरून फिरून येत असे, त्यामुळे कुठे तेल गळत असले की त्याचा वास थेट आत शिरे. १९६३ च्या मॉडेलपासून पंख्याची ताजी हवा वेगळ्या नळ्यांनी एक्सचेंजरमध्ये नेण्याची सोय झाली. वेगळा विद्युत पंखा नाही, पाण्याचा पंप नाही, गळणारी रबरी पाण्याची नळी नाही; इतक्या थोडक्या सामग्रीत काम साधणारी ही योजना आहे. इंजिनाचा वेग वाढला की ऊब वाढते आणि सिग्नलला गाडी थांबली की ती मंदावते, हे तिचे वैगुण्य खरे, परंतु त्याचे मूळही याच काटकसरीत आहे.

ऊब आत सोडायची की नाही, हे प्रत्येक एक्सचेंजरच्या पुढच्या टोकाशी बसवलेली पत्र्याची झडप ठरवते. या झडपेच्या दांडीला एक छोटा हात असतो, हाताला तार जोडलेली असते आणि ती तार गाडीच्या मध्यभागातून जाणाऱ्या पोकळ कण्यातील बारीक नळीतून पुढे येऊन हँडब्रेकच्या शेजारच्या तरफेला मिळते. १९६५ च्या मॉडेलपूर्वी तरफेच्या जागी फिरवायची गोल मूठ होती. तारेचे मागचे टोक नळीबाहेर येते तिथे रबरी टोपण बसवलेले असते आणि सगळी गोम इथेच आहे: हे टोपण फाटले किंवा हरवले की चाकांनी उडवलेले पाणी, चिखल आणि युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर टाकले जाणारे मीठ नळीत शिरते, ग्रीस वाळते आणि तार नळीतच गंजून बसते. झडपेची दांडी तर धुराच्या नळीला खेटून, आळीपाळीने तापत आणि भिजत राहते, त्यामुळे तीही गंजून घट्ट होते.

तरफ हलत नाही म्हणून तिच्यावर जोर लावणे हा सर्वांत वाईट उपाय होय, कारण त्याने तार तुटते किंवा झडपेचा हात वाकतो. जाणता मेकॅनिक इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गाडी भक्कम स्टँडवर घेतो, झडपेच्या हाताजवळची तारेची पकड सोडवतो आणि मग तो हात बोटांनी हलवून पाहतो. हात हलला तर दोष तारेत किंवा तरफेत आहे. नाही हलला तर दोष झडपेत आहे. गंजलेल्या दांडीला गंज सोडवणारे तेल देऊन रात्रभर मुरू द्यावे लागते आणि नंतर हात केसभर पुढे, केसभर मागे असा हलवत न्यावा लागतो. हातोडीचा एक अधीर घाव दांडीपासून हात तोडून टाकू शकतो. तार अडली असेल तर तरफ उघडून ती पुढून ओढून काढतात, नळी साफ करतात आणि नव्या तारेला भरपूर ग्रीस लावून ती मागे सरकवतात. कण्याच्या आतली नळीच फुटली असेल, तर मात्र कणा कापून उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

तथापि, तरफ मोकळी झाली म्हणजे काम संपले असे समजणे धोक्याचे आहे, कारण अनेक वर्षे बंद राहिलेली वाट त्या क्षणी उघडते. एक्सचेंजरच्या आतली धुराची नळी सडली असेल किंवा तिचा सांधा सुटला असेल, तर गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला, रक्तातील ऑक्सिजनची जागा घेणारा विषारी वायू बसणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून झडप मोकळी करण्याआधी एक्सचेंजर उतरवून तपासलाच पाहिजे. त्याऐवजी अनेक मालक एक्सचेंजर काढून साध्या नळ्या बसवतात. धोका जातो, पण ऊबही जाते आणि थंड प्रदेशात पुढच्या काचेवरचे धुके हटवण्याचे साधनही जाते.

याहून खोल अडचण दारांखाली असते. गरम हवा पुढे नेणारे मार्ग म्हणजेच बीटलचे पोकळ उंबरठे, आणि तेच उंबरठे दारांच्या खांबांना व मोटारीच्या सांगाड्याला आधार देतात. ते आतून गंजतात, त्यामुळे बाहेरचा रंग शाबूत असताना आत पत्रा उरलेला नसतो. उबेची तक्रार घेऊन आलेली गाडी अशा वेळी सांगाड्याच्या दुरुस्तीचे काम होऊन बसते. नवा उंबरठा वेल्ड करण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडव्या पोलादी सळया जोडून तिचा आकार धरून ठेवावा लागतो, अन्यथा जुना पत्रा कापताच चौकट दबते. पक्के वेल्डिंग करण्याआधी नवा भाग जागोजागी नुसता टाचून, दार लावून, त्याच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी येते का हे पाहिलेच पाहिजे, कारण पक्के वेल्डिंग झाल्यावर ती फट सुधारायची तर केलेले सगळे काम पुन्हा कापावे लागते.