गोमतीचा उंच काठ: लखनौची उद्याने आणि नदीचे पाणी

उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही उंच काठावर उभे राहून खाली वाहणारे पाणी पाहण्याचा आनंद या शहराला गोमती नदीने दिला आहे. रेसिडेन्सीच्या हिरवळीपासून नव्या नदीकिनारा उद्यानापर्यंत सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते. गेल्या काही वर्षांत काठावरील सुविधांमध्ये मोठी भर पडली. नदीतील प्रवाहाचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

उंच काठ कसा तयार झाला?

कोकणच्या किनाऱ्यावरील कडे जांभ्याचे किंवा काळ्या पाषाणाचे असतात. गोमतीच्या काठी असा खडक नाही. गंगेच्या खोऱ्यातील जुन्या गाळाचे थर कापत नदीने आपले पात्र खोल केले आणि दोन्ही बाजूंना काही ठिकाणी मातीच्या उभ्या दरडी उरल्या. गाळ, रेती आणि चुनखडीचे खडे यांचे थर त्यांत दिसतात. पुराचा प्रवाह या दरडी खालून पोखरतो, तर पावसाचे पाणी वरून घळी पाडते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात. त्यामुळे काठावरील वृक्षराजी शोभेपुरती नसून काठाच्या स्थैर्यासाठीही आवश्यक आहे.

नवाबी काळातील निवड

अवधच्या नवाबांच्या काळात अनेक महत्त्वाच्या इमारतींसाठी नदीजवळील उंचवटे निवडण्यात आले. ब्रिटिश रेसिडेंटसाठी बांधलेली रेसिडेन्सी अशाच उंचवट्यावर आहे. नवाब आसफउद्दौला यांच्या काळात सुरू झालेले हे बांधकाम सआदत अली खान यांच्या काळात पूर्ण झाले. 1857 च्या उठावात या परिसराला अनेक महिने वेढा पडला होता. तोफांच्या माऱ्याने भग्न झालेल्या भिंती आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या देखरेखीखाली असून सभोवार विस्तीर्ण उद्यान आहे.

पूर्वेकडील दिलकुशा ही कोठी 1800 च्या सुमारास सआदत अली खान यांच्यासाठी मृगयागृह म्हणून उभारण्यात आली. तिचे अवशेषही आता उद्यानात आहेत. छत्तर मंझिलसारखे अपवाद वगळता नदीलगतचा सखल भाग बऱ्याच अंशी मोकळा होता. पुराचे पाणी तेथे पसरत असे आणि ओसरत असे.

बंधारे आणि नवे उद्यान

शहर वाढत गेले तशी या सखल भागातही वस्ती झाली. 1960 च्या महापुरात लखनौचे अनेक भाग पाण्याखाली गेले. त्यानंतरच्या काळात पूरसंरक्षक बांध घालण्यात आले आणि नदी दोन बांधांच्या मध्ये आली.

2015 मध्ये गोमती नदीकिनारा विकास प्रकल्पाचे काम सुरू झाले. त्याअंतर्गत पदपथ, सायकलमार्ग, हिरवळ आणि कारंजी यांची योजना होती. यासाठी पात्राच्या कडेने काँक्रीटच्या भिंती उभारण्यात आल्या. 2017 मध्ये राज्यातील सत्तांतरानंतर प्रकल्पाच्या खर्चाची चौकशी सुरू झाली आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यात आले.

पर्यावरण अभ्यासकांचा आक्षेप वेगळा आहे. भिंतींमुळे नदीचे पात्र अरुंद झाले आणि नदी व काठची जमीन यांच्यातील पाण्याची देवाणघेवाण खंडित झाली, असे त्यांचे म्हणणे आहे.

पाणी कोठून येते?

हा आक्षेप समजण्यासाठी गोमतीचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. गंगा आणि यमुना यांच्याप्रमाणे गोमती हिमनदीतून उगम पावत नाही. पिलीभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील तलावातून निघून 900 किलोमीटरहून अधिक प्रवास करत ती गंगेला मिळते. पावसाळ्यानंतर तिचा प्रवाह मुख्यतः भूजलावर टिकतो. खोऱ्यातील उपसा वाढला आणि पाझर थांबला की प्रवाह क्षीण होतो. लखनौ येथे बंधाऱ्याच्या दरवाजांमुळे पाण्याची पातळी राखली जाते; मात्र अडलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळले की दुर्गंधी आणि जलपर्णी वाढते. भरवारा येथे दररोज 345 दशलक्ष लिटर क्षमतेचे मलजल शुद्धीकरण केंद्र आहे. तरीही शहरातील सर्व नाल्यांचे पाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही.

म्हणूनच काठावरील उद्यानाचे मोल ठरवताना त्याखालच्या पाण्याचा विचार अपरिहार्य ठरतो. सखल भागात माती, गवत आणि झाडे ठेवल्यास पुराला जागा मिळते, पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि नागरिकांना फिरण्यासाठी सावलीही लाभते.

पर्यटकांनी काय लक्षात घ्यावे?

लखनौमध्ये भ्रमंतीसाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ अनुकूल असतो. डिसेंबर आणि जानेवारीत दाट धुके पडते, तर मे महिन्यात तापमान 40 अंशांच्या वर जाते. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही दिवस मातीच्या दरडीच्या अगदी टोकावर उभे राहू नये. वरून टणक भासणारी जमीन खालून पोखरलेली असू शकते. जमिनीवर भेगा दिसल्यास मागे फिरणे इष्ट.

रेसिडेन्सीपासून जवळच कैसरबाग आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये सुरू झालेले संगीत महाविद्यालय तेथे आता विद्यापीठाच्या रूपात कार्यरत आहे. मराठी प्रवाशांना एकाच फेरीत ही दोन्ही स्थळे पाहता येतील.