सांभाळ आपला, स्वामित्व नव्हे

पुणे-नाशिक महामार्गावर भोसरी ओलांडून मोशीमार्गे चाकणकडे निघाले की वस्तीपेक्षा कारखाने आणि माणसांपेक्षा मालमोटारी अधिक दिसू लागतात. कंपन्यांच्या फाटकांपाशी, चहाच्या टपऱ्यांमागे, वजनकाट्याच्या आडोशाला आणि उभ्या कंटेनरच्या सावलीत भटक्या कुत्र्यांची कुटुंबेच्या कुटुंबे वाढत असतात. कामगारांच्या डब्यातील उरलेली पोळी आणि उघड्यावर पडलेले खरकटे हा त्यांचा निर्वाह, तर रात्रपाळीचे पहारेकरी हेच त्यांचे आप्त. उन्हापासून वाचण्यासाठी जे पिल्लू मालमोटारीच्या चाकाखाली झोपते, त्याला ती मोटार केव्हा सुरू होईल हे कळत नाही. या पट्ट्यात पाय मोडलेली, खरजेने अंगावरचे केस गेलेली किंवा आई गमावलेली पिल्ले नित्य आढळतात, ती अशी.

असे एखादे पिल्लू कोणी उचलून दवाखान्यात नेते. त्याच्या पायाला प्लास्टर बसते, सलाईन लागते, जीव वाचतो. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. त्याला पुन्हा त्याच चाकाखाली सोडायचे काय? पिंपरी-चिंचवड महापालिकेचे नेहरूनगर येथे श्वानांसाठी केंद्र आहे. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था २००७ पासून जखमी प्राण्यांची शुश्रूषा करीत आहेत. परंतु निवाऱ्यातील जागा नेहमीच अपुरी पडते. शिवाय ज्या पिल्लाचे लसीकरण पूर्ण झालेले नाही, त्याला अनेक आजारी प्राण्यांच्या सहवासात ठेवणे धोक्याचे असते, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन रोग अशा ठिकाणी झपाट्याने पसरतात. म्हणूनच उपचार आणि कायमचे घर यांच्या मधल्या काळासाठी एखाद्या कुटुंबाने त्या जिवाला आपल्या घरी ठेवून घ्यावे, अशी पद्धत रूढ झाली आहे. तिला आजकाल ‘फॉस्टर’ म्हणतात. आपण तिला तात्पुरते पालकत्व म्हणू.

व्यापारी महाजनांचा वारसा

पांजरापोळीची पावती फाडणे आपल्या घरांना नवे नाही. पर्युषणात, जन्मदिनी, वडिलांच्या पुण्यतिथीला जीवदयेचा हिस्सा वेगळा निघतोच. भोसरीतील पांजरापोळ या पट्ट्यातील प्रत्येक जैन कुटुंबाच्या परिचयाची आहे. मात्र मुंबईच्या पांजरापोळीचा जन्म कुत्र्यांच्या निमित्ताने झाला, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८३२ च्या जून महिन्यात मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली होती आणि त्यासाठी शिपायांना बक्षीसही मिळत असे. ज्यांच्या धर्मात श्वानाला पवित्र स्थान आहे, त्या पारशी समाजात याविरुद्ध प्रथम क्षोभ उसळला. दुसऱ्या दिवशी हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांच्यासोबत उतरले, दुकाने बंद झाली आणि शहराचा व्यवहार थांबला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. एक पारशी, एक जैन, दोघेही व्यापारी. तिच्या निर्वाहासाठी महाजनांनी आपल्या मालावर ठराविक लागा बसवून घेतला. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी आपल्या पूर्वजांनी दुकानाचे दार एक दिवस बंद ठेवले होते. आज प्रश्न घराचे दार काही आठवड्यांसाठी उघडण्याचा आहे.

उंबरठ्यावरचे प्रश्न

दान देणे सोपे, घर देणे कठीण. आपल्या घरांत त्यास सबळ कारणेही आहेत. कुत्रा हा मांसाहारी जीव, तो आपल्या स्वयंपाकघराच्या मर्यादेत कसा बसावा? आजीची सामायिक चालू असताना तो भुंकला तर? पंधरा कर्मादानांतील ‘असतीपोषण’ आठवून ज्येष्ठ मंडळी साशंक होतात. या शंका उडवून लावण्यासारख्या नाहीत. त्यांचा विचार करूनच पाऊल उचलावे.

आधी आहाराचे पाहू. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहिल्यामुळे कुत्र्याच्या शरीरात पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता लांडग्याहून पुष्कळ वाढली आहे, असे २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. मांजरीचे तसे नाही. तिला मांसाशिवाय निसर्गतः चालत नाही. कुत्र्याला मात्र पशुवैद्यांच्या सल्ल्याने, आवश्यक ती पोषणद्रव्ये जोडून, शाकाहारावर ठेवता येते. भात, भाकरी, शिजवलेली डाळ, लाल भोपळा, पनीर, दही हे पदार्थ बहुतेक कुत्र्यांना मानवतात. दूध मात्र अनेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

येथे एक योग असा की, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासमान आहेत. त्यांनी रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. अन्य घरांत पालकांना जे डोळ्यांत तेल घालून टाळावे लागते, ते आपल्या स्वयंपाकघरात मुळातच नसते. परंतु आपल्याकडचा धोका वेगळा आहे. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. तेव्हा शिऱ्यातील मनुका आणि मुलांच्या हातचे चॉकलेट त्याच्यापासून दूरच ठेवावे.

असतीपोषणाचा निषेध मुख्यतः उपजीविकेसाठी, नफ्यासाठी प्राणी पोसण्याबद्दल आहे. जातिवंत पिल्लांची पैदास करून विकणे हा धंदा त्याच्या कक्षेत येतो, यात शंका नाही. दुःखात सापडलेल्या जिवाला अनुकंपेने आसरा देणे निराळे. तेथे विक्री नाही, लाभ नाही, हौसही नाही.

पाच अतिचारांची कसोटी

प्राण्याशी कसे वागावे याचे नियम आजच्या पुस्तकांत शोधण्याची श्रावकाला गरज नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात नित्य आलोचतो. बंध, वध, छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. मूळचा संदर्भ गाई-बैलांचा असेल, परंतु घरी आणलेल्या कुत्र्याला ते जसेच्या तसे लागू पडतात.

बंध म्हणजे दिवसभर साखळीला जखडणे. वध म्हणजे मारणे, आणि घाण केली म्हणून चपलेने मारणे हेही त्यात आलेच. छेद म्हणजे शोभेसाठी कान-शेपूट कापणे. अतिभार म्हणजे शक्तीपलीकडचे काम लादणे. बऱ्या झालेल्या कुत्र्याला गोदामाच्या राखणीला रात्रभर एकटे बांधून ठेवणारा व्यापारी हा अतिचार करीत असतो, आणि त्यालाच तो पालन समजतो. अन्नपाननिरोध तर आपल्या घरांत अजाणता घडू शकतो. चौविहाराचे पच्चक्खाण आपले असते, कुत्र्याचे नव्हे. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे अन्न लागते आणि पाणी तर रात्रीही समोर हवे.

निर्बीजीकरणाबद्दल श्रावकांत मतभेद आहेत. काहींना त्यात छेदाचा दोष दिसतो. दुसरी बाजू अशी की, कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांत विते, वर्षातून दोनदा विऊ शकते आणि रस्त्यावर जन्मलेली बहुसंख्य पिल्ले मोठी होण्याआधीच चाकाखाली, भुकेने वा रोगाने दगावतात. भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया आणि त्या पिल्लांच्या वेदना, या दोहोंचा विचार प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने करावा.

नाते जडते ते असे

जखमी कुत्रा घरी आला की पहिले काही दिवस तो पलंगाखाली किंवा दाराआड बसून राहतो. ज्याने माणसाच्या हातातला दगड पाहिला आहे, त्याला त्याच हातातली वाटी लवकर ओळखू येत नाही. या काळात त्याला हाका मारू नयेत, उचलून मांडीवर घेऊ नये, शेजाऱ्यांना दाखवण्यास बोलावू नये. वेळेवर अन्न ठेवावे आणि दूर बसावे. मग एखाद्या दिवशी तो आपण समोर असताना जेवतो. पुढे दुकान बंद करून येणाऱ्याच्या चपलांचा आवाज त्याला ओळखू येऊ लागतो. आजी माळ घेऊन बसली की हा आपोआप तिच्यापासून दोन हात दूर जाऊन पडतो, आणि ज्यांनी आरंभी सर्वांत मोठा विरोध केलेला असतो त्याच आजी ‘त्याला जेवायला घातले का’ असे विचारू लागतात. घरातील मुलाला याहून चांगली पाठशाळा मिळणार नाही. पंचेंद्रिय जीव म्हणजे काय, त्याला भय कसे वाटते, दुःख कसे होते, हे तो पुस्तकाबाहेर शिकतो.

हे ममत्व लहानथोर पाहत नाही. पिंपरीच्या टाटा मोटर्समुळे ज्यांचे नाव या पट्ट्यात घरोघरी पोचले, त्या रतन टाटांच्या मुंबईतील ‘बॉम्बे हाऊस’ मध्ये २०१८ च्या नूतनीकरणानंतर रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास दालन राखले गेले. त्यांचा लाडका ‘गोवा’ हा मुळात बेवारस पिल्लू होता. गोव्यात एका सहकाऱ्याच्या गाडीत तो शिरला आणि थेट मुंबईस आला, म्हणून त्याचे ते नाव. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा निवर्तले आणि दुसऱ्या दिवशी अंत्यदर्शनासाठी जमलेल्या गर्दीत या गोवालाही आणले होते. १८३२ च्या त्या पारशी-जैन सख्याचा धागा असा आपल्या काळापर्यंत आलेला दिसतो.

प्रत्येक कथेचा शेवट सुखाचा होत नाही. काही जीव घरी येऊनही वाचत नाहीत. जीवंधरकुमारांची कथा अशा वेळी आठवावी. लोकांनी बेदम मारलेल्या आणि मरणाच्या दारी असलेल्या एका कुत्र्याच्या कानी त्यांनी नमस्कार मंत्र म्हटला आणि तो जीव पुढे सुदर्शन यक्ष झाला. त्याला वाचवणे जीवंधरांच्या हाती नव्हते, तरी त्याच्याजवळ बसणे त्यांच्या हाती होते. आपल्या मांडीवर शांतपणे देह ठेवणाऱ्या पिल्लाला निदान एकटेपणाचे मरण येत नाही.

निरोप

तात्पुरत्या पालकत्वाची खरी परीक्षा निरोपाच्या दिवशी असते. कायमचे घर मिळालेले असते, नवे पालक दारात उभे असतात आणि आपल्या मुलाने कुत्र्याचा पट्टा घट्ट धरलेला असतो. काही कुटुंबे त्या क्षणी त्याला आपल्याकडेच ठेवून घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र ते ममतेच्या भरात नव्हे, तर पुढील बारा-चौदा वर्षांचा हिशेब मांडून ठरवावे. लग्नकार्य, चातुर्मासातील प्रवास, दुकानाची धावपळ या सर्वांत त्याची सोय कोण पाहील? महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस सांभाळली जाईल काय? २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्याची मुभा प्राणिप्रेमींना दिली, पण तो पुन्हा रस्त्यावर येता कामा नये ही जबाबदारीही त्यांच्यावर टाकली आहे.

ज्यांना निरोप द्यावा लागतो, त्यांनी मेघकुमाराच्या पूर्वभवातील हत्ती डोळ्यांसमोर आणावा. वणवा पेटला असता त्याने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला आणि तेवढ्या जागेत एक ससा येऊन बसला. अडीच दिवस त्या हत्तीने पाय खाली टेकला नाही. वणवा शमला, ससा निघून गेला. हत्तीने त्याला थांबवले नाही, तो परत येईल अशी अपेक्षाही धरली नाही. त्या अनुकंपेचे मोल इतके की, तोच जीव पुढे श्रेणिक राजाच्या घरी जन्मास आला.

जीवदया आणि अपरिग्रह ही दोन व्रते आपण बहुधा वेगवेगळी मोजतो. कोणाच्या तरी जिवासाठी रात्री जागायचे, त्याच्या पावलांच्या आवाजाची सवय लावून घ्यायची आणि वेळ येताच तो दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा, यात दोन्ही व्रते एकाच घरात, एकाच वेळी पाळली जातात. त्याने रिकामी केलेली जागाही फार दिवस रिकामी राहू नये. चाकणच्या रस्त्यावर तशा जागेची गरज असलेला पुढचा जीव आजही कोणत्या तरी मालमोटारीखाली झोपलेला असेल.