पाकिटावरची तीन अक्षरे

जुन्या नाण्यांच्या दुकानात गेलात, तर कागदाच्या लहान पाकिटांत ठेवलेली नाणी दिसतील. पाकिटावर राजाचे नाव, धातू, वजन लिहिलेले असते. एखाद्या पाकिटाच्या कोपऱ्यात मात्र ‘शपर’ अशी निरर्थक अक्षरे आढळतात. ही काय भानगड?

ती दुकानदाराची खरेदीची किंमत होय! गिऱ्हाइकाला ती कळू नये, पण घासाघीस करताना आपल्याला आठवावी, म्हणून काही व्यापारी ती अशी लिहितात. समजा, त्याने ‘सदाशिव पेठ जुने घर’ हे शब्द निवडले. यात दहा अक्षरे आहेत आणि एकही पुन्हा आलेले नाही. स म्हणजे १, द म्हणजे २, श म्हणजे ३, असे करत घ म्हणजे ९ आणि र म्हणजे शून्य. आता ‘शपर’ वाचून पाहा : ३५०. अशी वीस-पंचवीस पाकिटे पाहिलीत, तर शेवटी वारंवार येणारे अक्षर शून्याचे असावे, हे तुम्हीच ओळखाल. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा याच जातीचा.

या धंद्यातले शब्दही फसवे असतात. ‘गुड’ म्हटलेले नाणे चांगले असेल असे वाटते ना? प्रत्यक्षात ते बरेच झिजलेले असते! ‘फाइन’ त्याहून बरे, पण तेही झिजलेलेच. हे शब्द मात्र गुप्त नाहीत. शिकले की झाले.

किंमत लपविली तर फारसे बिघडत नाही. नाणे कोठे सापडले हे लपविले, तर मात्र इतिहासच बुडतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात गोदाकाठच्या जोगलटेंभी गावी क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. नहपानाचा मुलूख सातवाहनांनी जिंकला, याचा हा भक्कम पुरावा ठरला. हीच नाणी ठिकाण न सांगता सुटी सुटी विकली गेली असती, तर? ती कोणाच्या तरी संग्रहात शोभली असती, इतकेच.

म्हणूनच १८७८ चा निखात निधी कायदा महत्त्वाचा. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते; आणि त्यात सापडल्याची जागा व तारीख लिहावी लागते. तुमच्या शेतात नांगराला हंडी लागली, तर नाणी घासूनपुसून चकचकीत करू नका. फुटक्या हंडीची खापरेही फेकू नका. त्या खापरांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.