गायकवाड, पण कुठले?

बडोद्याच्या जुन्या शहराच्या बरोबर मध्यावर मांडवी उभी आहे. इमारत चौकोनी, प्रत्येक बाजूला तीन कमानी, म्हणजे एकूण बारा. इथून पश्चिमेला गेलं की लहरीपुरा दरवाजा लागतो, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेला गेंडीगेट. मांडवी सुलतानांच्या काळची, मराठे इथे आले त्याच्या कितीतरी आधीची. तरी आज या चौकात उभं राहून ‘गायकवाड’ म्हटलं की कुणीही राजवाड्याकडेच बोट दाखवेल. इथे हे एका घराचं नाव आहे. महाराष्ट्रात मात्र हेच आडनाव गावोगाव आहे, अनेक जातींत आहे. सिंहासनावर बसलेल्यांचं आहे आणि वीतभर जमिनीसाठी तुरुंगात गेलेल्यांचंही. इतक्या टोकांपर्यंत पोचलेलं दुसरं मराठी आडनाव मला तरी आठवत नाही.

आधी राजवाड्याचे आकडे घेऊ, कारण डोळे तिथेच दिपतात. घराणं पुणे जिल्ह्यातल्या खेडजवळच्या दावडीचं. १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर दमाजीरावांना ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळाला. त्यांचे पुतणे पिलाजीराव यांनी गुजरातेत पाय रोवले आणि १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला. दावडीतून निघालेल्या या घराकडे पुढे ८,१६४ चौरस मैलांचं राज्य आलं. आजच्या हिशेबात ते २१,००० चौरस किलोमीटरहून जास्त भरतं, म्हणजे साडेपाच गोवे त्यात बसले असते. तेही सलग नव्हतं. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे तुकडे गुजरातभर विखुरलेले होते, आणि पार पश्चिमेला द्वारकेचं ओखामंडळही गायकवाडांच्याच अंमलाखाली होतं. १९३१ च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या २४ लाख ४३ हजार होती. साडेपाचशेहून जास्त संस्थानांपैकी २१ तोफांच्या सलामीचा मान फक्त पाचांना होता, त्यांत बडोदे एक.

खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास एक गालिचा करवून घेतला. त्यात बसऱ्याचे मोती आहेत, अंदाजे १५ ते २० लाख. २००९ मध्ये दोह्याला तो सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. त्याच्या आकाराबद्दल ३ कोटी ४ लाख ९२ हजार चौरस फूट हा आकडा सगळीकडे फिरत असतो. हा आकडा हातात कागद घेऊन तपासावा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला ७०० ने गुणलं की नेमके ३,०४,९२,००० येतात. म्हणजे हा आकडा राजवाड्याचा नाही, त्याच्या ७०० एकर आवाराचा आहे. राजवाडाच एवढा असता, तर त्यात लंडनचे ३६ बकिंगहॅम राजवाडे मावले असते. खरी गोष्ट पुरेशी भव्य असताना ती फुगवून सांगण्याचं कारण नाही.

या घरातला सर्वांत मोठा गायकवाड जन्माने राजवाड्यातला नव्हता. मल्हारराव महाराज १८७५ मध्ये पदच्युत झाले, तेव्हा वारस शोधायला माणसं नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याला गेली. तिथे दूरच्या शाखेतला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा होता. २७ मे १८७५ ला तो दत्तक आला आणि सयाजीराव झाला. ६ फेब्रुवारी १९३९ ला त्यांचं निधन झालं. म्हणजे त्रेसष्ट वर्षं आणि वर आठ महिने तो मुलगा गादीवर होता. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं, १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात गेलं. २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा निघाली. तोफा आणि मोत्यांपेक्षा मला हे आकडे मोठे वाटतात.

आणि त्याहून मोठा वाटतो तो ४१४. सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. छत्तीस महिन्यांचे होतात ४१४ पौंड. त्या बळावर हा विद्यार्थी न्यूयॉर्कला ६० विषय शिकला, त्यांतले २९ एकट्या अर्थशास्त्राचे. एका संस्थानाच्या खजिन्यातून इतक्या थोड्या पैशात इतकं मोठं काम क्वचितच झालं असेल.

पुढे मात्र खजिना अपुरा पडला. १९१७ मध्ये करारानुसार नोकरी करायला आंबेडकर बडोद्याला आले, तर शहरात त्यांना कुणी घर देईना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. २१ तोफांच्या सलामीचा राजा आपल्या राजधानीत आपल्याच अधिकाऱ्याला एक खोली मिळवून देऊ शकला नाही. जातीची ताकद किती होती, हे समजायला मला या घटनेसारखं दुसरं माप सापडत नाही.

आंबेडकरांच्या आयुष्यात दुसरा गायकवाड आला तो पुन्हा नाशिक जिल्ह्यातूनच. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ ला भाऊराव कृष्णाजी गायकवाड जन्मले. मराठी माणूस त्यांना दादासाहेब म्हणतो. आडनाव सयाजीरावांचंच, जिल्हाही तोच. पण त्यांचा जन्म महार समाजातला, त्यामुळे नाशिकच्या काळाराम मंदिराचा दरवाजा त्यांना बंद होता. २ मार्च १९३० ला तो दरवाजा उघडावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उतरली आणि प्रत्यक्ष लढा पाच वर्षं नेटाने चालवला तो दादासाहेबांनी. स्वातंत्र्यानंतर लोकसभा झाली, राज्यसभा झाली, तरी त्यांचं मन भूमिहीनांपाशीच राहिलं. १९५९ आणि १९६४-६५ या दोन भूमी सत्याग्रहांत पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून लाखो माणसं त्यांच्या मागे उभी राहिली. एक गायकवाड साडेपाच गोव्यांएवढ्या राज्याचा धनी आणि दुसरा एकरभर पडीक रान मागणाऱ्यांचा पुढारी. आंबेडकरांच्या जडणघडणीत पहिल्याचा हात होता आणि त्यांच्या चळवळीचा दुसरा आधारस्तंभ होता. या दोघांना एका ओळीत ठेवून आपण फारसं बोलत नाही, याची मला खंत वाटते.

१९५२ हे एकच साल घेतलं तरी या आडनावाचा पसारा ध्यानात येतो. जूनमध्ये बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड लीड्सला आपला पहिला कसोटी सामना खेळले. ऑक्टोबरमध्ये नागपूरचे हिरालाल गायकवाड लखनौला पाकिस्तानविरुद्ध आपला एकमेव कसोटी सामना खेळले. मधे २३ सप्टेंबरला दत्ताजीरावांच्या घरी अंशुमान जन्मले. आणि त्याच वर्षी लातूरजवळच्या धनेगावात, उचल्या समाजात, लक्ष्मण गायकवाड जन्मले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यांची त्यातून अधिकृत सुटका झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ ला. छत्तीस वर्षांनी, १९८८ मध्ये, ‘उचल्या’ या लक्ष्मण गायकवाडांच्या आत्मकथनाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अंशुमान गायकवाडांनी १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा केल्या. त्यासाठी ते ६७१ मिनिटं खेळपट्टीवर उभे होते. अकरा तासांहून जास्त. २८ नोव्हेंबर २०२२ ला अहमदाबादेत पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने विजय हजारे करंडकात एकाच षटकात सात षटकार मारले (एक चेंडू नोबॉल होता) आणि नाबाद २२० धावा केल्या. त्या षटकातल्या ऋतुराजच्या ४२ धावा अंशुमानच्या जालंधरच्या गतीने काढायच्या तर दोन तास वीस मिनिटं लागली असती. कुणी यावरून डावं-उजवं ठरवू नये. अंशुमान १९७६ मध्ये किंग्स्टनला वेस्ट इंडिजच्या तेज माऱ्यासमोर ८१ धावांपर्यंत टिकले आणि कानावर चेंडू बसल्यावरच बाहेर पडले. ती छाती वेगळी.

मराठी मुलुखाबाहेरचा एक गायकवाड तर सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण दुसऱ्याच नावाने. १२ डिसेंबर १९५० ला बेंगळुरूत एका मराठी पोलीस शिपायाच्या घरी शिवाजीराव गायकवाड जन्मले. घराण्याचं मूळ पुरंदर तालुक्यातल्या मावडी कडेपठारचं सांगतात. बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली, १९७५ मध्ये पहिला तमिळ चित्रपट आला आणि ते रजनीकांत झाले. २०२१ मध्ये त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हे फाळके १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात शिकायला गेले होते. ते कलाभवन त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांनी काढलं होतं. एका गायकवाडाने काढलेल्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार एकशे एकतीस वर्षांनी दुसऱ्या गायकवाडाला मिळाला. दोघांचं नातं काही नाही.

‘गायकवाड, म्हणजे कुठले?’ असं आपल्याकडे सर्रास विचारलं जातं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा गाव नको असतं, जात हवी असते. कवळाणे, आंबे, धनेगाव, मावडी, पुणे, नागपूर, बेंगळुरू ही उत्तरं मी वर दिली आहेत, आणि त्यांतल्या कुठल्याही उत्तरावरून त्या माणसाने काय केलं ते कळत नाही. हा प्रश्न आता सोडून द्यावा.

बडोद्याला गेलात तर मांडवी आणि राजवाडा पाहालच. तिथून रिक्षा करून सयाजीबागेतल्या संकल्पभूमीलाही जा. १९१७ मध्ये घर न मिळालेले आंबेडकर तिथल्या झाडाखाली बसले होते.