साडेचारशे तासांची सेवा, तीही पगारी

सॅक्रामेंटो : कॅलिफोर्नियात बर्गरच्या मोठ्या साखळी दुकानात काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या पोराला एप्रिल २०२४ पासून तासाला किमान २० डॉलर द्यावे लागतात. त्याच पोरानं दुपारी सरकारी शाळेत जाऊन कच्च्या मुलांकडून वाचन करून घ्यावं, फूड बँकेत धान्याची खोकी भरावीत, नाहीतर झाडं लावावीत, अशी अपेक्षा असेल तर फुकट राबायला येणार कोण? ज्याचा खर्च घरून भागतो तोच.

हे ओळखून राज्य सरकारनं २०२२ मध्ये ‘कॉलेज कॉर्प्स’ सुरू केलं. पदवीच्या विद्यार्थ्यानं शैक्षणिक वर्षात ४५० तास काम करायचं, त्याचे १० हजार डॉलर. त्यांतले ७ हजार हप्त्याहप्त्यानं हाती पडतात, उरलेले ३ हजार डॉलर तास पूर्ण झाल्यावर, शिक्षणासाठी. पहिल्या वर्षी ४६ कॉलेजांतून सुमारे सव्वातीन हजार विद्यार्थी घेतले. रुपयांत ही रक्कम काही लाखांत जाते खरी, पण इथलं घरभाडं कळलं की ती फार मोठी वाटेनाशी होते. आणि गंमत हिशेबात आहे. नुसते हप्ते धरले तर तासाला साडेपंधरा डॉलर पडतात, म्हणजे बर्गरवाल्यापेक्षा कमीच. शेवटचे ३ हजार पदरात पडले तर तोच आकडा बावीसच्या वर जातो. अर्ध्यात सोडणारा तोट्यात. योजना आखणाऱ्यानं मेख बरोबर मारली आहे!

विद्यार्थ्याला कामाचे पैसे देण्याची रीत अमेरिकेत जुनी. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेतून १९६४ मध्ये ‘वर्क-स्टडी’ आली. तिच्या निधीतला किमान ७ टक्के वाटा विद्यापीठांनी समाजोपयोगी कामावर खर्च करावा, असा नियम आहे. (विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या पोरांना ही योजना लागू नाही.) मात्र खुद्द व्हाइट हाउसमधले इंटर्न २०२२ च्या शरद ऋतूपर्यंत बिनपगारीच होते. वॉशिंग्टनसारख्या महागड्या शहरात महिनोन्‌महिने बिनपगारी राहणं कुणाच्या पोरांना परवडत असेल, हे सांगायला नको.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ आठवेल. आपल्या विद्यापीठांत ती चालते, पण काम बहुतेक कॉलेजच्या आवारातलं : ग्रंथालय, कार्यालय, बाग. गावात जाऊन सेवा करायची तर १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, हाती प्रमाणपत्र. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेनं पैशांचा प्रश्न सोडवला. बारावी झालेल्याला महिना ६ हजार रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ आणि पदवीधराला १० हजार. पण शिक्षण चालू असलेल्याला तिथे प्रवेश नाही! दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जाऊन पुढच्या सत्राची फी जमवणारी टीवायबीएची मुलगी या सगळ्यांच्या मधोमध अडकते. एनएसएसचं शिबिर करावं तर सात दिवसांची मजुरी बुडते, पगारी प्रशिक्षण घ्यावं तर कॉलेज सोडावं लागतं.

महाराष्ट्रातल्या योजनेला आणखी एक गाठ बसली. आधी सहा महिन्यांची असलेली मुदत पुढे वाढवावी लागली आणि प्रशिक्षणार्थी कायम नोकरीच्या मागणीसाठी आंदोलनात उतरले. शिक्षण संपवून घरी बसलेला तरुण सरकारी कार्यालयात बसला की त्याला ती नोकरीच वाटणार, त्यात त्याचं काय चुकलं? कॉलेज कॉर्प्समध्ये हा पेच येत नाही, कारण तास संपले तरी पोराचा वर्ग चालूच असतो.

म्हणून अमेरिकेतलं सगळं सुरळीत आहे असं नाही. ‘अमेरिकॉर्प्स’ ही देशपातळीवरची सेवा यंत्रणा १९९३ च्या कायद्यानं उभी राहिली. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं तिच्या सुमारे ४० कोटी डॉलरच्या अनुदानांवर कात्री चालवली, तेव्हा चालू वर्षातच अनेक ठिकाणची कामं थांबली. महिनाअखेरीस वीसहून अधिक राज्यं त्याविरुद्ध न्यायालयात गेली. कॅलिफोर्निया त्यांत पुढे होतं.