पुसलेली राणी

चांदबिबी म्हटले की घोड्यावर स्वार झालेली, हातावर ससाणा घेतलेली राणी डोळ्यांसमोर येते. या विषयाचे एक देखणे दख्खनी चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते साधारण १७०० च्या सुमाराचे. चांदबिबी १६०० मध्ये मारली गेली. म्हणजे हे चित्र रंगले तेव्हा तिला पाहिलेले माणूस उरले नव्हते.

तिच्या आईची, खुंजा हुमायूनची, चित्रे मात्र तिच्या हयातीतली आहेत आणि ती आपल्या पुण्यातच आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातली 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही ती फारसी पोथी. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाची स्तुती गाण्यासाठी हे काव्य रचले. त्यात तालिकोटची लढाई आहे, रामरायाचा शिरच्छेद आहे. पण राणीचे रूप आणि तिचा विवाहसोहळा यांनाही कवीने ऐसपैस जागा दिली आहे. पोथीत बारा चित्रे उरली आहेत. त्यांतल्या बायका चोळी ल्यालेल्या, लांब वेणीला गोंडा लावलेल्या. एका चित्रात तर सुंदरीच्या स्पर्शाने झाड फुलते, ही आपली जुनी दोहदाची कल्पना फारसी पोथीत येऊन बसली आहे. दख्खनचे मिश्रण इतक्या मोकळेपणी क्वचितच दिसते.

याच चित्रांत शहाशेजारी बसलेल्या राणीची आकृती नंतर मुद्दाम पुसलेली आहे.

पोथीचा काळ ठरवायला ही खाडाखोडच उपयोगी पडते. तालिकोटची लढाई जानेवारी १५६५ मधली. त्याच वर्षी हुसेन वारला, गादीवर अल्पवयीन मुर्तजा आला आणि कारभार आईच्या हाती गेला. १५६९ च्या सुमारास याच मुलाच्या संमतीने तिला कैद झाली. राजाच्या स्तुतिकाव्यात राणीला सिंहासनावर बसवण्याचे धाडस तिची सत्ता असतानाच होणार. तिच्या कैदेनंतर कोणता चितारी असे करील? म्हणून अभ्यासक ही पोथी १५६५ ते १५६९ या चार वर्षांतली मानतात.

शहाशेजारी पडद्याबाहेर बसलेली बेगम कुणा सनातन्याला खटकली असेल, असेही म्हणता येईल. मला ते पटत नाही. स्त्रीचे चित्रच नको असते, तर दासी आणि नर्तकीही वाचल्या नसत्या. राग एकटीवर निघाला आहे, आणि तो राजकीय आहे. पुसणाऱ्याला ती कोण हे ठाऊक होते, तिचा अधिकार त्याला सलत होता. तेव्हा तिच्या पाडावानंतरही पोथी निजामशाही दरबाराच्या आसपासच असावी, असा माझा तर्क आहे.

त्या हाताने चित्रांतली राणी घालवली. आफताबीचे शब्द मात्र राहिले. मंडळाने १९८७ मध्ये ही पोथी छापली, जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ती संपादित केली. खुंजा हुमायूनचे वर्णन त्यात आजही वाचता येते.