झेड वर्गाच्या गावातला पहिला पगार

नव्या स्टाफ नर्सचा सरकारी पगार कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरतात. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात तिचा स्तर एस-१३, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू. त्यावर महागाई भत्ता. १ जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्के दराने तो १९,४७० होतो. मग येतो घरभाडे भत्ता, आणि इथे गावाची प्रतवारी आडवी येते. मुंबई-पुणे ‘एक्स’ वर्गात, तिथे मूळ वेतनाच्या ३० टक्के. रायगड जिल्ह्यातली महाड आणि पोलादपूर ‘झेड’ वर्गात, इथे १० टक्के. मुंबईच्या सिस्टरला घरभाड्याचे १०,६२० मिळतात, पोलादपूरच्या सिस्टरला ३,५४०. सलाइन तेच, इंजेक्शन तेच, फरक महिन्याला ७,०८० रुपयांचा.

यात वावगं काही नाही. मोठ्या शहरात राहणं महाग, म्हणून तिथे जास्त पैसे द्यायचे ही पद्धत जगभर आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतही मध्य लंडनच्या नर्सला मूळ पगाराच्या वीस टक्के जादा मिळतात. मूळ, त्या दराने महागाई आणि घरभाडं मिळून महाडकडच्या कायम नर्सचा आकडा ५८,४१० वर जातो. नव्या पेन्शनचे दहा टक्के म्हणजे ५,४८७ आणि व्यवसाय कराचे दोनशे कापले, आणखी किरकोळ कपात धरली, तरी या भागात ती रक्कम सुखाची आहे.

अडचण एवढीच, की हा ५८ हजारांचा पगार असलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी महाडात मला भेटली नाही. भेटल्या त्या तिघीजणी, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहणाऱ्या. एक पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरगावची, जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची तीन वर्षं पूर्ण करून नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झालेली, सरकारी रुग्णालयात कंत्राटावर. दुसरी महाड तालुक्यातली, एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली, एका खासगी रुग्णालयात. तिसरी नांदेड जिल्ह्यातली, जीएनएम, तीही खासगीतच. घरमालकीण माझ्या ओळखीची, त्यामुळे मुलींना मी ‘काका’ झालो आणि त्यांची हिशेबाची वही मला बघायला मिळाली. वही एकच. खोलीचा खर्च सामाईक, म्हणून वहीही सामाईक.

वहीतली पहिली ओळ भाड्याची: सहा हजार, तिघींत दोन-दोन. झेड वर्गाच्या गावात एका खोलीला सहा हजार कशाला, असं मुंबईच्या माणसाला वाटेल. महाडची औद्योगिक वसाहत हे त्याचं एक उत्तर. रसायनांच्या कारखान्यांत बाहेरून आलेले कामगार चार-चार, सहा-सहा जण मिळून खोली घेतात, डोईगणिक भाडं देतात, आणि घरमालकाला तीन मुलींपेक्षा सहा बाप्ये परवडतात. दुसरं उत्तर २०२१ च्या जुलैचं. २२ तारखेला सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. तेव्हापासून महाडात खोली बघायला आलेला माणूस नळाला पाणी येतं का, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘पुराचं पाणी कुठवर आलं होतं?’ तळमजला पदरात पडायला सोपा, वरच्या मजल्याचं भाडं चढं. या मुलींनी वरचा मजला घेतला, कारण तिघींचीही मूळ प्रमाणपत्रं ट्रंकेत आहेत. कौन्सिलच्या नोंदणीचा कागद भिजला तर पुढच्या भरतीला दाखवायचं काय? घरभाड्याचे दहा टक्के ठरवणाऱ्या कागदात पुराच्या पातळीचा रकाना नाही.

भाजीचंही तेच. कोकणात सगळं परसात पिकतं हा घाटावरच्यांचा गोड गैरसमज. महाडच्या बाजारात पालेभाजी, टोमॅटो, कांदा बराचसा घाट उतरून येतो, आणि पावसाळ्यात वरंध किंवा आंबेनळी बंद झाला की भाव चढतात. गॅसची टाकी, मोबाइलचं रिचार्ज, अंगाचा साबण यांना एक्स-वाय-झेड काही कळत नाही. स्वस्त काय, तर एसटी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून महाड-पोलादपूर ये-जा करणाऱ्या मुलींचा मोठा भार हलका झाला. पण गाडी वेळेवर मिळाली तर. रात्रपाळी आठला संपते, पुढचीला ‘ओव्हर’ म्हणजे वॉर्डाचा ताबा देईपर्यंत साडेआठ होतात. हायवेवर वाहतूक तुंबली असेल तर घरी पोचायला अकरा, आणि झोप उन्हात.

पाळीत ती करते काय, हे मी एका नातेवाइकासाठी वॉर्डात बसलो त्या रात्री पाहिलं. रुग्णालयाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. रात्री सिस्टर एक, आणि मदतीला एक मावशी. पहिला तास ओव्हर समजून घेण्यात जातो: कोणत्या कॉटवर कोण, कुणाला काय चालू आहे, कुणाची लघवी मोजायची आहे. मग दहाची इंजेक्शनं. मग हायवेवरचा दुचाकीवाला आला, त्याच्या गुडघ्यातली खडी काढणं, टाके घालताना डॉक्टरांच्या हाताशी उभं राहणं, पोलिसांसाठीच्या नोंदी. त्यात मध्यरात्रीच्या सुमाराला गावाकडून एक बाई आली, लाकडं काढताना विंचू डसलेली.

विंचवाच्या बाबतीत महाडचं नाव जगाच्या वैद्यकात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणूस का दगावतो ते रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी टिपलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर लागू पडते हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’ने त्यांचं लेखन छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. या उपचाराची एक गोष्ट बातम्यांत येत नाही. गोळी पोटात गेली म्हणजे काम झालं, असं नाही. दर तीन तासांनी पुढची मात्रा द्यायची की नाही हे बघावं लागतं. त्यासाठी रक्तदाब पुन्हा पुन्हा घ्यायचा, हातपाय गार पडलेत की ऊब आलीय ते चाचपायचं, घाम थांबला का ते टिपायचं, रोग्याला एकदम उठू द्यायचं नाही. रात्रभर हे करणार कोण? त्या रात्री ते बावीस वर्षांच्या मुलीने केलं, मधूनमधून दुचाकीवाल्याचं सलाइन बदलत. पहाटे बाईचे पाय ऊबदार झाले तेव्हा सिस्टरने तक्त्यावर वेळ टाकली आणि सहाची इंजेक्शनं भरायला घेतली. चहा राहूनच गेला होता.

आता या पाळीचा भाव. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती जिल्हा परिषदांकडून निघतात. त्यांत स्टाफ नर्सचं मानधन २०,००० आणि एएनएमचं १८,००० असं छापलेलं असतं. मानधन म्हणजे ठोक रक्कम: महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही. रायगडची जाहिरात असो की दुसऱ्या जिल्ह्याची, आकडा तोच. म्हणजे गावाच्या प्रतवारीची सगळी बारीक गणितं कायम नोकरीवाल्यांपुरती; कंत्राटी मुलीला एक्स काय आणि झेड काय, सारखंच. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तेवढे दोनशे वाचतात. ठरावीक मुदतीची ऑर्डर, मध्ये खंड, मग पुन्हा ऑर्डर. एकाच वॉर्डात, एकाच टेबलावर ओव्हर देणाऱ्या-घेणाऱ्या दोघींच्या पगारात जवळजवळ तिपटीचा फरक असतो. राज्यातल्या परिचारिकांनी २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, २०२५ च्या जुलैत पुन्हा केला. ते काम बंद पाडणं कुणाला आवडलं नसेल, पण हा तिपटीचा हिशेब पाहिल्यावर मला तरी त्यांना नावं ठेवता येत नाहीत.

खासगीतल्या दोघी बारा हजारांवर लागल्या. नांदेडच्या मुलीला मी विचारलं, ऑर्डर बघू? ती हसली. ‘ऑर्डर कसली काका, या म्हणाले, आले.’ एएनएम आणि जीएनएम यांच्या शिक्षणात एका वर्षाचा फरक, पण तिथे दोघींना पगार एकच.

वहीत खरी माहिती खर्चाच्या रकान्यात नाही, रिकाम्या जागांत आहे. तांदळाच्या ओळीत आकडाच नाही. तांदूळ पोलादपूरच्या मुलीच्या घरून येतो, नाचणीचं पीठही. तिखट, कोकम आणि सुकट महाडच्या मुलीच्या आईकडून. सुट्टीच्या दिवशी दोघी घरी जातात आणि येताना पिशवी भरून आणतात. आम्ही एकदा त्या पिशव्या बाजारभावाने मांडून पाहिल्या, तर महिन्याला अडीच हजारांच्या आसपास गेलं. म्हणजे रुग्णालय जे देत नाही, त्यातलं थोडं आईबाप भातखाचरातून भरून देतात. ‘इकडे राहणं स्वस्त आहे, एवढ्यात भागतं,’ असं पगार ठरवणारे म्हणतात ना, ते भागतं ते यावर. गाव स्वस्त नाही. घरचं फुकट आहे.

नांदेडच्या मुलीला हे घरचं नाही. इथल्या तांदळात तिचा वाटा मैत्रिणींच्या मायेचा. कोकणातल्या रुग्णालयांत मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या मुली पुष्कळ. त्यांना घर गाठायचं तर पनवेलपर्यंत जाऊन पुढची गाडी धरायची, सुट्टी प्रवासातच संपते. बारा हजारांतून दोन हजार भाडं, नर्सिंगच्या फीसाठी घेतलेल्या कर्जाचा चार हजारांचा हप्ता, जेवणखाण, आणि उरलं तर घरी. वहीत तिच्या नावापुढे एका महिन्यात ‘बूट’ असं लिहून खोडलेलं आहे. पांढरे बूट पुढच्या महिन्यावर गेले. अशी मुलगी वर्षभर टिकते, अनुभवाचा दाखला घेते आणि पनवेल-ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरते. मग इथले डॉक्टर म्हणतात, मुली टिकत नाहीत. टिकाव्यात कशा?

यावर नवं काही शोधायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्र सरकारने समिती नेमली होती. तिने खासगी रुग्णालयांसाठी साधं कोष्टक दिलं: दोनशेहून अधिक खाटा असतील तर त्या राज्याच्या सरकारी नर्सइतका पगार, शंभराहून अधिक असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत कुठेही वीस हजारांच्या खाली नाही. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली आणि वीस हजारांची पायरी बसवली. वीस हजार हा २०१६ चा आकडा आहे, हे लक्षात घ्या. महाडच्या ज्या खोलीत मी बसलो होतो तिथल्या खासगीतल्या दोघींना आज बारा मिळतात.

छोट्या रुग्णालयांची बाजूही ऐकली. एक डॉक्टर म्हणाले, रोगी पोलादपूरच्या वाड्यांतून येतो, बिल वाढवलं तर तो येणारच नाही. खरं आहे. शेतीवर आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगलेला हा तालुका. आता मनीऑर्डरऐवजी फोनवर पैसे येतात, एवढाच बदल. पण मग सिस्टरचा पगार हीच एक जागा काटकसरीला कशी सापडते? जनरेटरचं डिझेल झेड वर्गाचं म्हणून स्वस्त मिळत नाही, ते पूर्ण भावाने घेतलंच जातं.

सरकारला एक गोष्ट घरभाड्याच्या टक्क्यांना हात न लावता करता येईल. सरकारी रुग्णालयांच्या आवारात कर्मचारी निवासं राहण्याजोगी ठेवायची आणि त्यांतल्या दोन-चार खोल्या कंत्राटी मुलींना द्यायच्या. पुराच्या रेषेच्या वर, दाराला कडी आणि नळाला पाणी असलेली खोली मिळाली तर वीस हजारांचे बावीस होतात. खासगी रुग्णालयांनी निदान नेमणुकीचा कागद द्यावा, त्यावर पगाराचा आकडा लिहावा आणि दर वर्षी तो किती वाढेल तेही लिहावं.

आणि आपण, जे बिल भरतो. पुढच्या वेळी डिस्चार्जचा कागद हातात आला की त्यात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी एक ओळ असेल, दर दिवसाच्या हिशेबाने. ती वाचा, खाटांच्या संख्येने आणि महिन्याच्या दिवसांनी गुणा, आणि काउंटरवर विचारा, यातले सिस्टरला किती मिळतात.